फवारणीची वही आणि मेनफ्रेम

निर्यातीची द्राक्षं पिकवणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला फवारणीची वही ठेवावी लागते: औषध कोणतं, प्रमाण किती, तारीख कोणती, काढणीला दिवस किती उरले. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हापासून या वहीचं मोल निफाड-दिंडोरीत वेगळं सांगावं लागत नाही. बड्या बँकांच्या मेनफ्रेम संगणकावर नवं सॉफ्टवेअर चढवतात तेही अशाच वहीच्या भरवशावर. ही पद्धत जुनाट म्हणून हिणवली जाते. मला ती शहाणपणाची वाटते.

आयबीएमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे काम एसएमपी/ई नावाचं साधन पायरी-पायरीने करतं. ‘रिसीव्ह’ म्हणजे आलेला माल नुसता नोंदवून ठेवणं. चालत्या यंत्रणेला अजून हात लागलेला नसतो. ‘अप्लाय’ केलं की सुटे भाग वापरातल्या लायब्ररीत बसतात. त्याआधी ‘अप्लाय चेक’ ही रंगीत तालीम: प्रत्यक्षात काहीही न बसवता, या दुरुस्तीआधी कोणती हवी होती आणि कोणती राहून गेली, ते कागदावर येतं. एखादी दुरुस्तीच सदोष निघाली तर तिच्यावर ‘होल्ड’चा शिक्का पडतो आणि मुद्दाम डावलल्याशिवाय ती बसत नाही. शेवटची पायरी ‘अ‍ॅक्सेप्ट’: नवा भाग मूळ प्रतींच्या लायब्ररीत जातो. खरी मेख इथेच आहे. अ‍ॅक्सेप्ट करेपर्यंत ‘रिस्टोअर’ म्हटलं की त्या मूळ प्रतींवरून जुना भाग परत आणता येतो. केल्यावर ती वाट बंद. म्हणून मुरलेली माणसं अ‍ॅक्सेप्टची घाई करत नाहीत.

मोबाइल तर झोपेत अपडेट होतो, मग इथेच एवढे सोपस्कार का, असं कुणी विचारेल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट परस्पर जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. वही असती तर ती चूक सापडली असती, असं मात्र नाही. एसएमपी/ई दुरुस्त्यांचं आपसातलं नातं तपासतं, आतला कोड बरोबर आहे की नाही ते नाही. पण माल येणं आणि बसणं यांच्यात ते एक उंबरा ठेवतं, आणि त्या उंबऱ्यावर माणूस थांबू शकतो. त्याहून वजनदार आक्षेप असा की या थांबण्यापायी सुरक्षेची निकडीची दुरुस्तीही पडून राहते. राहते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे यंत्रणेच्या जोडप्रतीवर चाचणी लवकर उरकणं. उंबराच काढून टाकणं नव्हे.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी ज्या काही संगणक यंत्रणा उभ्या राहतील, त्यांच्या कंत्राटात नाशिककरांनी एक ओळ मागून घ्यावी: अपडेट फसलं तर किती वेळात मागे येणार, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत असणार?