पॅडीशिवाय मुंबईचा संघ होत नाही

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मुंबईचा सार्वकालिक संघ रोज संध्याकाळी निवडला जातो. सलामीला विजय मर्चंट आणि सुनील गावसकर, चौथ्या क्रमांकावर सचिन तेंडुलकर. इथवर कुणी आवाज चढवत नाही. विनू मंकड अष्टपैलू म्हणून संघात येतात, त्यालाही हरकत नसते. जुंपते ती दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजावरून. एक गट बापू नाडकर्णींचा. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकणारा गोलंदाज बाहेर कसा ठेवायचा, हा त्यांचा सवाल. दुसरा गट रवी शास्त्रींचा. ८० कसोटी, १५१ बळी, शिवाय ११ शतकं.

माझं मत मात्र कधी बदललेलं नाही. ती जागा पद्माकर शिवलकरांची, म्हणजे आमच्या पॅडीची आहे. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी २० धावांहून कमी. कसोटी सामने शून्य.

हे शून्य वाचून नवीन पिढीतली मुलं थबकतात. देशाकडून एकदाही न खेळलेला माणूस नाडकर्णी आणि शास्त्रींच्या पुढे? याचं उत्तर द्यायचं तर शिवाजी पार्क खेळाडूला कोणत्या मापाने मोजतं ते सांगावं लागेल. हे माप आकड्यांच्या पुस्तकात सापडत नाही. ते पावसात तयार झालं आहे.

महापालिकेने हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. तेव्हापासून इथे एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. १९४८ मध्ये डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ कांगा लीग सुरू झाली. जगभर पाऊस आला की क्रिकेट थांबतं, ही लीग मात्र पावसासाठीच आखलेली. खेळपट्टी झाकायची नाही. चेंडू एकदा थांबून येतो, पुढचा त्याच टप्प्यावरून छातीपर्यंत उसळतो. मैदानात गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला कव्हर ड्राइव्ह तीस यार्डांत अडकतो. चौकार हवा असेल तर चेंडू उचलून मारायचा, आणि उचलून मारला की झेल जाण्याचा धोका पत्करायचा. इथे पस्तीस धावांना शतकाचा मान असतो, आणि ते जाणकारांना सांगावं लागत नाही.

फिरकी गोलंदाजाचीही परीक्षा असते. खेळपट्टी मदत करते हे खरं, पण ओला चेंडू बोटांतून निसटतो आणि पाय टेकवायच्या जागी चिखल असतो. अशा वेळी टप्पा सुटला नाही तर समजायचं, हा गोलंदाज कुठेही चालेल. शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. त्यांचा टप्पा सुटत नसे. चेंडूला उंची द्यायची, फलंदाजाला पुढे बोलवायचं, आणि तो पुढे आला की चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा वीतभर अलीकडे पडलेला असायचा.

पुरावा हवा असेल तर १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना घ्या. चेपॉक, प्रतिस्पर्धी तमिळनाडू. वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांच्यासाठी बनवलेली फिरणारी खेळपट्टी. मुंबईच्या १५१ आणि ११३ धावा झाल्या. त्या खेळपट्टीवर तेवढ्या पुरल्या, कारण तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. सामन्यात ३४ धावांना १३ बळी, तेही परक्या मैदानावर, यजमान फिरकीपटूंच्या अंगणात.

मग कसोटी का नाही? त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी होते. ६७ कसोटींत २६६ बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू संघात असताना निवड समिती दुसरा डावखुरा घेत नसे. उरलेल्या जागा प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकट यांच्या. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्या वाट्यालाही तेच आलं. बेदींचा मोठेपणा मला पूर्ण मान्य आहे. पण एका जागेसाठी तीन माणसं तयार असतील आणि एकालाच ती मिळत असेल, तर उरलेल्या दोघांना कमी ठरवण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपले आदर्श निवडताना शिवलकर आणि गोयल दोघांवरही लिहिलं. २०१७ मध्ये दोघांना एकाच वेळी सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले. निवड झाली नाही म्हणून त्यांनी मुंबईसाठी टाकलेला एकही चेंडू हलका पडला नव्हता. वयाच्या ४७ व्या वर्षी संघाला गरज पडली तेव्हाही ते १९८७-८८ च्या हंगामात मुंबईसाठी मैदानात उतरले.

याच मापाने मोजलं की जिमखान्याची बाकीची माणसंही वेगळी दिसू लागतात. सुभाष गुप्ते यांचे ३६ कसोटींत १४९ बळी. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत ९. गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर मानत. शेन वॉर्नची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे, गुप्तेंची फारशी कुणी नाही, एवढ्यावर हा निकाल लागू नये. विजय मांजरेकर विशीत असताना १९५२ मध्ये हेडिंग्लेला गेले. ४२ धावांत तीन गडी बाद असताना विजय हजारेंबरोबर २२२ धावांची भागीदारी केली आणि स्वतः १३३ काढल्या. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमनपुढे भारताचे शून्यावर चार बाद झाले. त्या चौघांत मांजरेकर होते आणि दादर युनियनचे माधव मंत्रीही. तंत्राच्या बाबतीत मी मांजरेकरांना गावसकरांच्या अगदी जवळ ठेवतो. संदीप पाटलांना १९८१ मध्ये सिडनीला लेन पास्कोचा चेंडू डोक्याला लागला, मैदान सोडावं लागलं. पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्यांनी १७४ धावा ठोकल्या. धैर्य या एका निकषावर माझ्या यादीत त्या खेळीच्या वर काही नाही.

दादर युनियनचा उल्लेख आला आहे तर हेही सांगायला हवं, की शिवाजी पार्क मोठं झालं ते माटुंग्याच्या या शेजाऱ्यामुळे. मंत्री, वासू परांजपे, गावसकर, रामनाथ पारकर, दिलीप वेंगसरकर ही त्यांची फौज. कांगा लीगमध्ये या दोन क्लबांचा सामना असला की बाहेरची माणसं काम सोडून येत. कसोटीपटू क्लबकडून खेळत, आणि कसोटीपटू म्हणून त्यांना कुणी सवलत देत नसे.

त्यातूनच तो संघ घडला. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सने शेफिल्ड शिल्ड सलग नऊ वर्षं जिंकली, इंग्लंडमध्ये सरेने काउंटी विजेतेपद सलग सात वर्षं. त्या दोन्ही संघांचं जग कौतुक करतं, करायलाच हवं. पण पंधरा म्हणजे एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात न हरता सोपवलेला वारसा. जगातल्या कोणत्याही देशांतर्गत संघापेक्षा मी या मुंबईला वर मानतो.

त्या संघाचे कप्तान अजित वाडेकर, इथलेच. त्यांच्याबद्दल मी थोडा हळवा आहे. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारत आधी वेस्ट इंडिजमध्ये जिंकला, मग ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडमध्ये. गावसकरांच्या वेस्ट इंडिजमधल्या ७७४ धावा सर्वांना पाठ असतात. त्या धावांचं विजयात रूपांतर करणारा, जास्त न बोलणारा कप्तान विसरला जातो. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० ने गेली आणि वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं. तीन वर्षांपूर्वी हार घालणाऱ्यांनी पाठ फिरवली. आम्ही चाहते तेव्हा चुकलो. भारताला परदेशात जिंकता येतं हे ज्याने पहिल्यांदा इंग्लंड आणि वेस्ट इंडिजमध्ये दाखवलं, तो माझ्या लेखी मुंबईचा सर्वोत्तम कप्तान.

पुढचा काळ प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचा. स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं, स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेलेला सचिन, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला नाण्यापेक्षा स्कूटरचा भाग महत्त्वाचा वाटतो. एका दिवसात वेगळ्या खेळपट्टीवर, वेगळ्या गोलंदाजांपुढे खेळायला लावणं हीच ती पद्धत. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळीने हॅरिस शिल्डमध्ये ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता: अमोल मुझुमदार.

शिवलकरांनंतर माझ्या यादीतलं दुसरं शून्य त्यांचंच. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, २००६-०७ मध्ये कप्तान म्हणून करंडक, आणि भारताची टोपी नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली होते. बेदींच्या वेळचंच गणित पुन्हा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून मुझुमदार होते. त्या रात्री दादरमध्ये अनेकांना वाटलं की हिशेब चुकता झाला. मला तसं वाटत नाही. विश्वचषक हे त्यांचं वेगळं कर्तृत्व. खेळाडू म्हणून ते त्याआधीच मोठे होते.

आता मुंबईचे खेळाडू बोरिवली, विरार, पालघरहून येतात आणि त्यात वाईट काही नाही. पण ओल्या खेळपट्टीवरचं ते शिक्षण टिकायला हवं. मुंबई क्रिकेट संघटनेने कांगा लीग भर पावसाळ्यातच, न झाकलेल्या खेळपट्टीवर खेळवावी. आणि वाचकांनी एका रविवारी सकाळी छत्री घेऊन शिवाजी पार्कवर यावं, कोणताही सामना निवडावा आणि पूर्ण पाहावा.