लायब्ररी-समावेशन, मुक्त कंपायलरमधील
लायब्ररी-समावेशन, मुक्त कंपायलरमधील : बाहेरील व्यक्तीने वा संस्थेने लिहिलेला उपकार्यांचा संग्रह (लायब्ररी) सर्वांना खुल्या असलेल्या कंपायलरच्या मूळ संहितेत सामावून घेण्याची प्रक्रिया. उच्चस्तरीय भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. हे रूपांतर त्याला एकट्याने पुरे करता येत नाही. प्रक्रियकाला भागाकाराची आज्ञाच नसेल, तर कंपायलर त्या जागी एका उपकार्याचे नाव लिहून ठेवतो आणि ते उपकार्य नंतर लायब्ररीतून आणून जोडले जाते. यामुळे अशी लायब्ररी कंपायलरचे अंगच ठरते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसृत केलेला जीसीसी हा या प्रकारचा सर्वांत परिचित कंपायलर होय. महाराष्ट्राचा त्याच्याशी दुहेरी संबंध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी संसाधन केंद्र उभे राहिले व तेथे या कंपायलरच्या अंतर्रचनेचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. दुसरे उदाहरण प्रत्यक्ष योगदानाचे आहे. केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स या पुण्याच्या कंपनीने नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या ‘सीआर१६’ या प्रक्रियकासाठी केलेले काम २०१२ मध्ये जीसीसीत समाविष्ट झाले. त्यात सांकेतिक रूपांतराच्या नियमांबरोबरच लायब्ररीचा भागही होता : आज्ञावली सुरू व बंद करणारी संहिता, भागाकाराची उपकार्ये इत्यादी.

समावेशनातील पहिली अडचण तांत्रिक नसून कायद्याची असते. नोकरीत लिहिलेल्या संहितेचा स्वामी सामान्यतः मालक असतो. त्यामुळे लेखकाबरोबर कंपनीचीही लेखी संमती लागते. जीसीसीसाठी अनेक वर्षे स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे हस्तांतरित करावा लागे. २०२१ पासून त्याऐवजी संहितेच्या उगमाविषयीचे प्रमाणनही चालते. लायब्ररीच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. कंपायलर वापरणाऱ्याच्या घरी राहतो, लायब्ररीचे तुकडे मात्र त्याने तयार केलेल्या प्रत्येक आज्ञावलीत शिरतात. परवान्याच्या अटी त्या आज्ञावलीलाही लागू झाल्या असत्या, तर कित्येकांना हा कंपायलर वापरणेच अशक्य झाले असते. म्हणून अशा लायब्रऱ्यांना परवान्यात खास अपवाद ठेवलेला आहे. त्याचे सध्याचे रूप २००९ मधील आहे.

यानंतर सार्वजनिक छाननी व चाचण्या होतात. बदललेला कंपायलर स्वतःचेच भाषांतर तीन टप्प्यांत करतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांची फलिते तंतोतंत जुळावी लागतात. लहान प्रक्रियकांवर हे शक्य नसल्याने तेथे अनुकारी आज्ञावलीवर चाचण्या घेतात. उपकार्यांची नावे वापरणाऱ्याच्या नावांशी टक्कर घेणार नाहीत, अशीही दक्षता घ्यावी लागते. एकदा प्रसृत झालेले नाव वा मांडणी सहसा बदलता येत नाही. सी++ या भाषेच्या लायब्ररीत २०१५ मध्ये अक्षरमालेची मांडणी बदलली, तेव्हा जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून जुनी मांडणीही शेजारीच ठेवावी लागली.

काही लायब्रऱ्यांचे मूळ घर दुसरीकडेच राहते. स्मृतीच्या वापरातील चुका पकडणारी लायब्ररी जीसीसीने २०१३ मध्ये एलएलव्हीएम या दुसऱ्या प्रकल्पातून घेतली. तिच्यात स्थानिक बदल शक्य तितके कमी ठेवतात. अन्यथा मूळ संहितेतील पुढील सुधारणा आणताना दर वेळी गुंता सोडवीत बसावे लागते.

खरा भार स्वीकृतीनंतर सुरू होतो. कंपायलरची अंतर्रचना बदलली की प्रत्येक समाविष्ट भाग तिच्याशी जुळवून घ्यावा लागतो. हे काम करणारा जबाबदार माणूस आहे काय, हा प्रश्न संहितेच्या गुणवत्तेइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. समांतर गणनेसाठी इंटेलने दिलेली सिल्क प्लस लायब्ररी २०१४ मध्ये जीसीसीत आली. पुढे इंटेलनेच तिचा पाठिंबा थांबविला व २०१८ मध्ये ती वगळली गेली. कोणी वाली नसलेला भाग आधी कालबाह्य म्हणून जाहीर करतात आणि पुढील आवृत्तीपर्यंत कोणी पुढे आले नाही, तर काढून टाकतात. ‘सीआर१६’ साठीचे कामही याच क्रमाने कालबाह्य ठरून २०२३ च्या तेराव्या आवृत्तीतून गेले. पूर्वीच्या आवृत्त्यांत ते सर्वांना उपलब्ध आहे. मात्र पुन्हा आणावयाचे झाल्यास मधल्या काळातील सर्व अंतर्गत बदलांशी ते नव्याने जुळवावे लागेल.