फोटोशॉपची पागडी

फोटोशॉपची नवी आवृत्ती विकत मिळणं थांबलं ते 6 मे 2013 रोजी, असं सगळेच सांगतात. त्या दिवशी लॉस एंजेलिसमधल्या आपल्या ‘मॅक्स’ संमेलनात अ‍ॅडोबीनं जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूटची पुढची आवृत्ती निघणार नाही. यापुढे जे नवं येईल ते क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. तारीख बरोबर आहे. पण या निर्णयाचं मूळ शोधायचं तर मी दीड वर्ष मागे, नोव्हेंबर 2011 मध्ये जाईन. तेव्हा कंपनीनं अपग्रेडचा एक रुक्ष वाटणारा नियम बदलायला घेतला होता.

तोवरचा रिवाज असा : नवं फोटोशॉप 699 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दरानं पस्तीस-चाळीस हजार रुपयांना. एकदा घेतलं, की पुढची आवृत्ती 199 डॉलरला. आणि खरी मेख इथे होती : मधल्या आवृत्त्या सोडून दिल्या तरी चालत. मागच्या तीन आवृत्त्यांपैकी कुठलीही हातात असली, की सवलतीचा दर लागू. सीएस-3 वर बसलेला माणूस सीएस-4 आणि सीएस-5 कडे ढुंकूनही न बघता थेट सीएस-6 घेऊ शकत होता, तेही 199 डॉलरमध्येच. नव्या नियमानुसार सवलत फक्त लगेच आधीच्या आवृत्तीवाल्यांना मिळणार होती. फोटोशॉप वापरणाऱ्यांच्या संघटनेचे प्रमुख स्कॉट केल्बी यांनी अ‍ॅडोबीला खुलं पत्र लिहिलं, आरडाओरडा झाला, आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीनं सीएस-3, सीएस-4 वाल्यांना त्या वर्षाअखेरपर्यंत मुदत दिली. प्रकरण मिटलं असं वाटलं. मिटलं नव्हतं. कंपनीला चोरून वापरणाऱ्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, तो गिऱ्हाईक डाचत होता ज्यानं पैसे दिले होते आणि आता तो निवांत बसला होता.

त्याला कारणही होतं. सीएस-4 बाजारात आलं ऑक्टोबर 2008 मध्ये, लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर महिन्याभरात. त्या मंदीत स्टुडिओंनी आणि जाहिरात संस्थांनी एवढंच केलं, की अपग्रेड पुढे ढकललं. जुनं चालतंय ना, मग चालू द्या. अ‍ॅडोबीचं वार्षिक उत्पन्न 358 कोटी डॉलरवरून 2009 मध्ये 295 कोटींवर आलं, आणि शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. दर दीड-दोन वर्षांनी गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागते आणि तो सरळ ‘नको’ म्हणू शकतो, हे त्या वर्षी हिशेबाच्या वहीत दिसलं. हैदराबादचे शंतनू नारायण डिसेंबर 2007 मध्ये कंपनीचे प्रमुख झाले होते, म्हणजे त्यांना ही वही पदावर आल्याआल्याच बघावी लागली.

सीडीचा खोका घेणारा फोटोशॉपचा मालक होता, हे मात्र मला कधीच पटलेलं नाही. खोक्यातल्या करारात स्पष्ट लिहिलेलं असे, की हा परवाना आहे. मुंबईकराला हे चटकन कळेल, कारण खोक्याचा व्यवहार हुबेहूब पागडीसारखा होता. एकरकमी मोठा पैसा द्यायचा, जागा कागदोपत्री दुसऱ्याचीच, पण राहण्याचा हक्क आपला आणि उठ म्हणायला कुणी येत नाही. 2013 मध्ये गेली ती मालकी नव्हे, कारण ती नव्हतीच. गेला तो आहे तिथे बसून राहण्याचा हक्क.

या हक्काची किंमत काय असते हे आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांइतकं कुणाला ठाऊक असेल? 2002 साली आलेलं फोटोशॉप 7 महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत पुढे कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होतं. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहावीच्या गुणवंतांचे बोर्ड, पासपोर्ट फोटोचे आठ-आठचे ताव, सगळं ‘सेव्हन’वर. त्याची कारणं अगदी व्यवहारी होती. ते जुन्यापुराण्या मशीनवर चालायचं. त्यात युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं धड उमटत नसत, पण श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट बिनबोभाट चालत, आणि ऑपरेटरचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला होता. तिसरं कारण सगळ्यांना माहीत होतं. इंटरनेटवरून ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ करून घेण्याची सक्ती विंडोजवर 2003 च्या सीएसपासून आली; सेव्हनला नुसता सीरियल नंबर पुरत होता. एक सीडी आणि एक नंबर गावभर फिरे. चोरीचा माल होता हा, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की त्याच टेबलावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी बहुधा रीतसर विकत घेतलेली असे, कारण तिला डोंगल लागायचा.

तर 2013. सगळ्या सॉफ्टवेअरची वर्गणी महिन्याला 49.99 डॉलर, एकट्या फोटोशॉपची 19.99. विरोधाच्या अर्जावर हजारोंनी सह्या झाल्या. फोटोग्राफर मंडळी जास्त चिडली होती, कारण डिझायनरला दहा सॉफ्टवेअर लागतात, यांना दोनच. सप्टेंबरमध्ये अ‍ॅडोबीनं त्यांच्यासाठी वेगळी योजना काढली : फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिन्याला 9.99 डॉलर. आधी फक्त जुन्या गिऱ्हाइकांना, पुढे सगळ्यांना.

हा आकडा हुशारीनं काढलेला होता. दर दीड वर्षानं फोटोशॉपला 199 आणि लाइटरूमला 79 डॉलर देणाऱ्याला जुन्या पद्धतीत महिन्याला साधारण 15 डॉलर पडत. त्याला वर्गणी उघडउघड स्वस्त. नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या मुलालाही स्वस्त, कारण 699 डॉलर एकदम उभे करायचे कुठून? वर्गणी महाग पडते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे गणित कबूल करायला हवं. महाग पडली ती फक्त एका जातीच्या माणसाला : जो घेऊन बसतो आणि सहा-सात वर्षं हलत नाही. म्हणजे 2011 मध्ये ज्याच्यावर नेम धरला होता, तोच.

पहिलं वर्ष कंपनीलाही जड गेलं. 2012 चं 440 कोटी डॉलरचं उत्पन्न 2013 मध्ये 406 कोटींवर घसरलं. त्याच ऑक्टोबरमध्ये सर्व्हर फोडले गेल्याचं कंपनीनं सांगितलं. पुढे कळलं, की 3 कोटी 80 लाख चालू खात्यांची माहिती गेली. मे 2014 मध्ये लॉग-इनची यंत्रणा दिवसभराहून जास्त बंद पडली. टीकाकार म्हणाले, बघा, सांगत नव्हतो? पण गिऱ्हाइकं पळाली नाहीत. 2024 मध्ये अ‍ॅडोबीचं उत्पन्न 2,150 कोटी डॉलर होतं. हा काही एकट्या फोटोशॉपचा पैसा नव्हे, पण एवढी मोठी इमारत दरमहा येणाऱ्या पैशावर उभी आहे.

खरी गोम फोटोशॉपपेक्षा लाइटरूममध्ये आहे, आणि तिच्याबद्दल बोललं जातं त्याहून जास्त बोलायला हवं. फोटोशॉपमध्ये काम केलं, की ते फाइलमध्ये उतरतं. जेपेग किंवा टिफ काढून ठेवलं, की पुढे कशानेही उघडा. लाइटरूम मूळ रॉ फाइलला हातच लावत नाही. उजेड किती वाढवला, सावल्या किती उचलल्या, चेहऱ्यावर कुठे ब्रश फिरवला, याची फक्त कृती ती आपल्या कॅटलॉगमध्ये लिहून ठेवते आणि दर वेळी फोटो त्या कृतीवरून नव्यानं बनवून दाखवते. पद्धत फार सोयीची आहे. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज पुन्हा पहिल्यापासून घडवता येतो. मात्र ती कृती जशीच्या तशी राबवणारा आचारी एकच. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं क्रॉपिंग, तारांकन असं काहीबाही कळतं, रंग-उजेडाचं काम तसंच्या तसं उतरत नाही. वर्गणी बंद केली तर लाइटरूम पूर्ण कुलूप लावत नाही. फोटो दिसतात, एक्स्पोर्ट होतात. बंद पडतात ते डेव्हलप आणि मॅप हे विभाग. म्हणजे आपलंच जुनं काम बघायला मिळतं, पण पुढे नेता येत नाही. ज्यानं पंधरा वर्षांची लग्नं त्या कॅटलॉगमध्ये ठेवलीत, त्याला ‘परवडत नसेल तर सोडा’ हा सल्ला काय कामाचा?

म्हणूनच लाइटरूमचा शब्द महत्त्वाचा होता. 2007 मध्ये ती 299 डॉलरला आली, 2012 मध्ये किंमत 149 वर आली. 2013 च्या गदारोळात अ‍ॅडोबीनं जाहीरपणे सांगितलं, की लाइटरूम विकतही मिळत राहील आणि त्याला मुदत नाही. एप्रिल 2015 मध्ये लाइटरूम 6 आली. ऑक्टोबर 2017 मध्ये कळलं, की तीच शेवटची. बेमुदत शब्दाची मुदत चार वर्षं निघाली.

पण विकत घेणाऱ्यांचं पुढे काय झालं हेही बघू. लाइटरूम 6 अमर ठरली नाही. डिसेंबर 2017 मध्ये तिचं शेवटचं अपडेट आलं. त्यानंतर निघालेल्या कॅमेऱ्यांची रॉ फाइल ती ओळखत नव्हती. (अ‍ॅडोबीचाच फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरून हे भागवता येई, आणि कित्येकांनी वर्षानुवर्षं भागवलं.) 2018 अखेरीस तिचे नकाशे बंद पडले, कारण ते गूगलकडून येत होते आणि त्या सेवेचा पैसा आता कुणी भरत नव्हतं. 2019 मध्ये अ‍ॅपलनं मॅकओएस कॅटालिनात 32 बिटच्या प्रोग्रामना रजा दिली, तेव्हा तिच्या इन्स्टॉलरचीही पंचाईत झाली. अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर हे लाइटरूमसारखंच सॉफ्टवेअर; त्याचं तर आणखी वाईट. 2005 मध्ये 499 डॉलर किमतीनं सुरुवात, मॅक अ‍ॅप स्टोअरवर 79 पर्यंत उतरण, जून 2014 मध्ये काम थांबवल्याची घोषणा, आणि त्याच कॅटालिनावर कायमचं बंद. पागडीची जागासुद्धा चाळ पडली की जातेच. फरक एवढाच, की या लोकांना तीन, चार, कुणाला सात वर्षं आपल्या मर्जीनं काढता आली. जुना संगणक जपून ठेवला तर त्याहूनही जास्त.

वर्गणीदाराची मर्जी किती चालते याचे नमुने पुढे मिळत गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकन सरकारच्या आदेशाचा हवाला देत अ‍ॅडोबीनं व्हेनेझुएलातल्या सगळ्यांची खाती बंद करत असल्याचं कळवलं. नंतर परवानगी मिळवून निर्णय मागे घेतला, पण कारकासमधल्या एखाद्या फोटोग्राफरनं त्या काही आठवड्यांत काय करायचं होतं? आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि कार्डावरून आपोआप कटणाऱ्या परदेशी-देशी वर्गण्या धडाधड अडकल्या. नियम गिऱ्हाइकाच्या भल्याचा होता. ज्याला महिन्याचं काम त्याच आठवड्यात द्यायचं होतं, त्याला तो तसा वाटला नाही. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारनं अ‍ॅडोबीवर खटला भरला. तक्रार अशी, की ‘महिन्याला’ म्हणून दाखवलेली योजना प्रत्यक्षात वर्षाची असते आणि मधेच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते, हे नीट सांगितलंच जात नाही. आणि ती 9.99 डॉलरची फोटोग्राफर योजना? अकरा वर्षं टिकली, हे मान्य करायला हवं. जानेवारी 2025 मध्ये नव्या लोकांसाठी ती बंद झाली आणि महिन्याच्या हप्त्यानं भरणाऱ्या जुन्यांसाठी 14.99 ची झाली.

मग विकत घ्यायचं तर काय उरलं? फ्रान्सचं डीएक्सओ फोटोलॅब अजून रोकडा व्यवहार करतं. डेन्मार्कचं कॅप्चर वन विकतही मिळतं, पण 2023 पासून अशा खरेदीवर नवी वैशिष्ट्यं मिळत नाहीत, फक्त दुरुस्त्या. खुद्द अ‍ॅडोबीचं हौशी लोकांसाठीचं फोटोशॉप एलिमेंट्स इतकी वर्षं खोक्यातलं म्हणून टिकलं होतं. 2025 च्या आवृत्तीपासून पैसे एकदाच, परवाना तीन वर्षांचा. गिम्प फुकट आहे, 1996 पासून आहे, आणि मार्च 2025 मध्ये त्याचं 3.0 आलं, ते ज्याला जमतं त्याला जमतं.

सगळ्यात मोठी आशा ज्याच्यावर होती ते अ‍ॅफिनिटी फोटो. नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीनं ते 2015 मध्ये मॅकवर आणलं, 50 डॉलरच्या आत, वर्गणी नाही. अ‍ॅडोबीवर रुसलेल्यांनी ते आनंदानं घेतलं, त्याचीच जाहिरात आपण होऊन केली. मार्च 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हानं सेरिफ विकत घेतली आणि लोक घाबरले, म्हणून दोन्ही कंपन्यांनी शब्द दिला, की एकरकमी परवाना कायम मिळत राहील. ऑक्टोबर 2025 मध्ये नवं अ‍ॅफिनिटी आलं ते चक्क फुकट. कॅनव्हाचं खातं उघडा आणि वापरा, एआयची हत्यारं हवी असतील तर तेवढी कॅनव्हाच्या वर्गणीत. जुनी दुसरी आवृत्ती ज्यांनी घेतली होती त्यांची ती चालू आहे. नव्या माणसाला ती मिळत नाही. खिशातून पन्नास डॉलर काढून ‘एकदाच घ्या, आणि मला सोडा’ म्हणायला जो तयार आहे, त्याचे पैसे तिथे आता कुणी घेत नाही.