स्पीकर-ॲम्प्लिफायरची जोडी जमली, तरच सूर जुळेल

रामटेक, प्रतिनिधी : 'मेघदूता'तील यक्ष रामगिरीवरून निघालेल्या मेघाला उज्जयिनीच्या महाकाल मंदिरात सायंपूजेच्या वेळी आपल्या गर्जनेने नगाऱ्याचे काम करण्यास सांगतो. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. मेघाच्या त्या नादासारखा घनगंभीर स्वर घरातील संगीतयंत्रणेतूनही उमटावा, ही प्रत्येक श्रोत्याची इच्छा असते. तो उमटत नाही, म्हणून जुनी यंत्रणा बदलण्याचा विचार सुरू होतो.

अशा खरेदीसाठी रामटेककरांना सुमारे ५० किलोमीटरवरील नागपूरची बाजारपेठ गाठावी लागते किंवा वस्तू घरपोच मागवावी लागते. मात्र, नवा ॲम्प्लिफायर जुन्या स्पीकरना मानवेल की नाही, याची तपासणी आधी क्वचितच होते. परिणामी पैसे खर्चूनही आवाज सुधारत नाही आणि कधी कधी वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेले स्पीकर एका संध्याकाळीत निकामी होतात.

वॅटचा भ्रम

अधिक वॅट म्हणजे अधिक चांगला आवाज, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. एकेकाळी खोक्यांवर 'पीएमपीओ' या नावाने हजारो वॅटचे आकडे छापले जात. क्षणभरापुरत्या शक्तीच्या या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सातत्याने मिळणारी शक्ती 'आरएमएस' वॅटमध्ये सांगितली जाते. खरेदीदाराने तोच आकडा विचारावा.

या आकड्याचीही मर्यादा आहे. वॅट दुप्पट केले, तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजेच ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा बसविल्यास जाणवणारा फरक अगदी थोडा असतो.

याउलट स्पीकरची संवेदनशीलता मोठा फरक घडविते. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, हे त्यावरून कळते. एक स्पीकर ८४ डेसिबलचा आणि दुसरा ९० डेसिबलचा असेल, तर दुसऱ्याला २५ वॅटमध्ये जे साधते, त्यासाठी पहिल्याला १०० वॅट लागतात. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात नेहमीच्या ऐकण्यासाठी सरासरी एक-दोन वॅट पुरतात. तबल्याची जोरकस थाप किंवा ढोलाचा ठोका यांसाठी काही क्षण त्याच्या अनेक पट शक्ती लागते. ती गरज लक्षात घेऊनही प्रत्येक स्पीकरमागे ३० ते ५० 'आरएमएस' वॅट बहुतेक घरांना पुरेसे ठरतात.

ओहमचे नाते

जोडी जमविताना दुसरा आकडा पाहावयाचा तो ओहमचा. विद्युतप्रवाहाला स्पीकर जो विरोध करतो, तो इम्पिडन्स म्हणून ओळखला जातो व ओहममध्ये मोजला जातो. घरगुती स्पीकर सामान्यतः ८, ६ किंवा ४ ओहमचे असतात. हा आकडा जितका लहान, तितका ॲम्प्लिफायरकडून अधिक प्रवाह खेचला जातो. केवळ ८ ओहमसाठी बनविलेल्या ॲम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर जोडल्यास तो प्रमाणाबाहेर तापतो, वारंवार बंद पडतो किंवा जळतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले, तरी ॲम्प्लिफायरला ते ४ ओहमसारखेच भासतात. याउलट ४ ओहम पेलणाऱ्या ॲम्प्लिफायरला ८ ओहमचे स्पीकर जोडण्यात धोका नसतो. फक्त शक्ती थोडी कमी मिळते.

'होम थिएटर'च्या तयार संचातील काही स्पीकर ३ ओहमचेही असतात. असे स्पीकर वेगळे काढून दुसऱ्या ॲम्प्लिफायरला जोडण्यापूर्वी मागील पट्टी वाचणे आवश्यक आहे.

ट्विटर का जळतो?

स्पीकर जास्त वॅटमुळेच जळतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात अपुऱ्या ॲम्प्लिफायरवर जोर दिल्यानेही तो जळतो. विदर्भातील उन्हाळ्यात याची शक्यता वाढते. पारा ४५ अंशांवर जातो, खिडकीत कूलर घरघरत असतो आणि त्यावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढविला जातो. क्षमता संपली, की ॲम्प्लिफायर ध्वनिलहरींचे माथे छाटू लागतो. या छाटलेल्या लहरींत उच्च स्वरांची अनावश्यक शक्ती भरते आणि ती ट्विटरच्या नाजूक तारेला जाळते. आवाज चिरका होऊ लागताच तो कमी करणे, हा यावरील सोपा उपाय होय.

उष्णतेचा त्रास ॲम्प्लिफायरलाही होतो. त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याची हौस अनेक घरांत दिसते; त्यामुळे हवेची छिद्रे झाकली जातात. 'क्लास डी' प्रकारचे ॲम्प्लिफायर तुलनेने पुष्कळ कमी तापतात, त्यामुळे अशा हवामानात ते सोयीचे ठरतात.

मंडपातील यंत्रणा वेगळी

उत्सवाच्या मंडपात वापरला जाणारा ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळाला, म्हणून घरी आणण्याचा मोह टाळावा. लांबवर पसरलेल्या कर्ण्यांसाठी अशा यंत्रांत १०० व्होल्टची जोडणी असते व प्रत्येक कर्ण्यासोबत ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो. त्या जोडणीवर घरगुती स्पीकर थेट लावल्यास तो जळू शकतो.

आधी काय बदलावे?

खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी विनामूल्य तपासता येतात. दोन्ही स्पीकरच्या लाल व काळ्या तारा सारख्याच जोडल्या आहेत का, हे प्रथम पाहावे. एकीकडे त्या उलट झाल्यास दोन्ही शंकू परस्परविरुद्ध हलतात आणि खालचे स्वर हरवतात. तारेवर खूण नसेल, तर ती ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचे धन टोक योग्य तारेला लागले असेल, तर वूफरचा शंकू बाहेर येतो.

स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणल्यास आवाजातील घुमणे कमी होते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत सतरंजी व जाड पडदे यांनी होणारा फरक अनेकदा नव्या यंत्रापेक्षा मोठा असतो. जुन्या वूफरच्या कडेचा फोम दमट हवेने व वयोमानाने झडतो. तो नवा बसवून घेता येतो. त्यासाठी संपूर्ण स्पीकर टाकून देण्याचे कारण नाही. चार-पाच मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. महागड्या तारांची गरज नसते.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर प्रथम स्पीकर बदलावेत आणि त्यांचे ओहम व संवेदनशीलता पाहून मगच ॲम्प्लिफायर निवडावा. निवड करताना शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जमलेल्या जोडीची खरी कसोटीही इथेच लागते. कमी आवाजातही तानपुऱ्याची तार आणि तबल्यावरील बायाँचा घुमारा वेगवेगळे ऐकू आले, तर पैसे सार्थकी लागले असे समजावे.