वाकलेल्या बोटाची फिर्याद

ज्या बोटात आपल्याकडे जोडवी घालतात, ते अंगठ्याशेजारचे बोट मधल्या पेरापाशी कमान करून उभे राहिले, कमानीच्या माथ्यावर बुटाचे कातडे घासून कुरूप झाले, आणि कापून काढले तरी ते पुन्हा उगवू लागले, म्हणजे मनुष्य डॉक्टरची पायरी चढतो. परंतु तोवर त्या बोटाची फिर्याद पुष्कळ जुनी झालेली असते. हातोडीशी असलेल्या साम्यावरून या व्यंगाला ‘हॅमर टो’ म्हणतात.

पावलातील 26 अस्थींपैकी 14 बोटांच्याच असून त्यांच्यावर दुहेरी अंमल चालतो. पोटरीतून आणि नडगीच्या पुढून उतरणारे दोरीसारखे लांब स्नायू बोटाला वाकवतात व उचलतात, तर तळव्यातले इवलेसे स्नायू त्याला मुळाशी दाबून पुढे सरळ राखतात. हे इवलेसे स्नायू दुर्बळ झाले की लांब स्नायूंना आवर घालणारे कोणी उरत नाही. बोट मुळाशी वर उचलले जाते आणि मधल्या सांध्यात मुडपते.

अरुंद टोकाचा बूट हेच घडवतो, आणि उंच टाचेमुळे सगळा भार पुढे लोटला गेल्याने ते अधिक वेगाने घडते. दुसरे बोट अंगठ्याहून लांब असणे किंवा अंगठा तिरका होऊन त्याच्यावर रेटणे, हीही कारणे आहेत. पावलाची ठेवण पुष्कळदा वारशानेच येते.

परंतु मला अधिक चिंता वाटते ती ज्ञानतंतूंच्या विकारांची. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात तंतू निकामी झाले म्हणजे तळव्यातले स्नायू सुकतात, बोटे आखडतात आणि त्याच वेळी वेदनाही नाहीशी होते. 1946 साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांची सेवा करताना हे दाखवून दिले की, हातापायांची झीज बहुतांशी रोगाने नव्हे, तर वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या इजांनी होते. म्हणून मधुमेह्याने आपली बोटे रोज डोळ्यांनी पाहावीत आणि कुरूपाला स्वतः पाते लावू नये.

बोट हाताने सरळ होते आहे तोवर रुंद व उंच टोकाचे पादत्राण, मऊ गादी आणि व्यायाम यांनी तक्रार आटोक्यात राहू शकते. सायंकाळी, पावले किंचित फुगलेली असताना, कागदावर उभे राहून त्यांची रेषा काढावी आणि बूट तिच्यावर ठेवून पाहावा. सांधा एकदा ताठला, की हाडाचा अंश काढून किंवा सांधाच जोडून टाकून बोट सरळ करावे लागते, आणि पुष्कळदा तारेने जखडलेले ते बोट काही आठवडे सांभाळीत बसावे लागते.