दोष थांबत नाहीत, वाटले जातात

लैंगिक प्रजननामुळे घातक उत्परिवर्तनं (डीएनएची नक्कल होताना राहणाऱ्या चुका) टळतात, असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक मानवी अपत्यात साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. सुदैवाने बहुतेक निरुपद्रवी. खरा फरक पडतो तो पुनर्संयोजनाने (जनुकांची नव्याने होणारी सरमिसळ). एकाच पुस्तकाच्या दोन फाटक्या प्रतींतली पानं जुळवली, तर एक धड प्रत तयार होते, उरलेली रद्दीत जाते. तसेच काही अपत्यांच्या वाट्याला दोष कमी येतात, काहींच्या जास्त. ज्यांच्यात जास्त, त्यांचा वंश सहसा खुंटतो (नैसर्गिक निवड निष्ठुरच असते) आणि पुष्कळ दोष एकदम नाहीसे होतात. अलैंगिक वंशात ते साचत जातात, हे जनुकशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९६४ मध्ये मांडलं. पुरुषांमधलं वाय गुणसूत्र बहुतांशी या सरमिसळीबाहेर राहिलं. परिणामी त्याने आपली बहुतेक मूळ जनुकं गमावली आहेत.