प्रथिनांचा पेहराव

औषध नेमके रोगग्रस्त अवयवातच पोहोचावे आणि बाकीच्या शरीरास त्याची झळ लागू नये, ही वैद्यांची जुनी इच्छा आहे. तिच्या पूर्तीसाठी आता अतिसूक्ष्म कणांत औषध भरून ते शिरेवाटे देतात. यांनाच नॅनोकण म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. असे कित्येक कण शंभर नॅनोमीटरांच्या आसपास असतात.

परंतु श्रोतेहो, प्रयोगशाळेत घडविलेला कण रक्तात शिरताच पूर्वीचा राहत नाही. एक लिटर रक्तद्रवात सुमारे ७० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांपैकी काही तत्काळ कणास चिकटून त्याच्याभोवती आवरण करतात. डब्लिन व लुंड येथील संशोधकांनी २००७ साली या आवरणास ‘प्रोटीन कोरोना’, म्हणजे प्रथिनांचा मुकुट, हे नाव रूढ केले.

हा मुकुट स्थिर नसतो. प्रथम विपुल असलेली प्रथिने जागा पटकावतात; मागाहून अधिक ओढ असलेली येऊन त्यांना हुसकावतात. काचेसारख्या पृष्ठभागांवरील हा पालट लिओ व्ह्रोमन यांनी १९६० च्या दशकातच दाखविला होता.

अभ्यासाची रीत अशी: कण रक्तद्रवात ठेवतात, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तळाशी बसवितात, धुतात आणि चिकटून राहिलेली प्रथिने ओळखतात. अडचण एवढीच की, धुताना वरचा सैल थर निघून जातो. हाती येतो तो आतला घट्ट थर.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पेशींना कण दिसतो तो या पेहरावातच. प्रतिपिंडे चिकटली, तर यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी कण गिळून टाकतात आणि औषध वाटेतच हरपते. विशिष्ट पेशी ओळखण्यासाठी कणावर ट्रान्सफेरिन हे प्रथिन बसविले, तरी मुकुटाखाली झाकले जाऊन ते निरुपयोगी ठरू शकते, असे २०१३ साली दिसून आले.

तथापि हाच मुकुट उपकारकही होतो. मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक व्याधीवरील पॅटिसिरान या औषधास २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या स्निग्ध कणांवर रक्तातील अपोलायपोप्रोटीन-ई चिकटते आणि तेच त्यांना यकृतपेशींत नेते. तेथेच औषधाचे काम असते.

तात्पर्य, कणाची पारख केवळ कुपीत करून भागत नाही. रक्तात गेल्यावर तो काय पांघरतो, हे जाणल्यावाचून तो कोणत्या दारी जाईल, हे सांगता येत नाही.